मुक्काम एकीकडे, पोस्ट भलतीकडे

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहून इतकी वर्षं झाली की आता ते झाडांसारखेच वाटतात. नवीन आहेत त्या स्थानकांच्या नावांच्या पाट्या. कापूरबावडी, मानपाडा, टिकुजीनी वाडी, डोंगरी पाडा, विजय गार्डन, कासारवडवली. रिक्षातून जाताना ही नावं वाचत गेलं की लक्षात येतं, यातल्या दोन नावांत 'पाडा' आहे. मेट्रोला स्थानक नसलं तरी रस्त्याला लागून पातलीपाडा आहे, कोकणीपाडा आहे. टॉवरच्या जाहिरातींत मात्र हा शब्द सापडत नाही. तिथे सगळं 'निसर्गाच्या कुशीत' असतं आणि कुशीला इंग्रजी नाव असतं.

आमच्या सोसायटीतल्या, नुकत्याच इंजिनीअर झालेल्या मुलाने मला विचारलं, "काकू, पाडा म्हणजे नेमकं काय?" मी सांगितलं, वारली, कातकरी, ठाकर, मल्हार कोळी अशा लोकांची वस्ती. तो म्हणाला, "म्हणजे पूर्वी असायची ती." मुलगा वाईट नाही, हुशार आहे. त्याच्या जिमच्या खिडकीतून डोंगराच्या पायथ्याला जो पत्रा चमकतो तो कुणाचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं. शिक्षकाला शिकवण्याखेरीज जी सतरा कामं असतात, जनगणना, मतदारयादी, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, त्यांच्यामुळे मी या शहराच्या अशा कोपऱ्यांत गेले जिथे एरवी गेले नसते. त्या फिरण्यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. आपल्याकडे आरोग्य, शिक्षण, काम आणि जमीन हे चारही हक्क पत्त्याला चिकटवलेले आहेत. ज्याचा पत्ता हंगामागणिक हलतो, किंवा ज्याचा पत्ता जागच्या जागी राहूनही भोवतीचं गाव शहर होतं, त्याचे चारही हक्क एकदमच सुटतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत हे दोन्ही प्रकारचे आदिवासी आहेत. आपण टपालावर 'मु. पो.' लिहितो, मुक्काम आणि पोस्ट. यांचा मुक्काम एकीकडे असतो आणि पोस्ट भलतीकडे.

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. माझ्या गटाच्या टोकाला, शीळच्या पलीकडे, एक वीटभट्टी होती. विटा रचून केलेल्या कमरेएवढ्या भिंती, वर पेंढा आणि ताडपत्री. अशा खोपटाला 'भोंगा' म्हणतात. आत शिरायचं तर वाकावं लागतं. तिशीतली एक बाई पायाने गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवत होती. तिला विचारलं, "कुठली गं तू?" "मुरबाडकडची." "मग इकडे कशी?" "जगायला आलो, बाई."

ठाणे-पालघरच्या डोंगरपट्टीत स्थलांतराला हाच शब्द आहे, जगायला जाणं. 'स्थलांतर' हा आपल्या अहवालांतला शब्द. मग गावाला जे राहता ते काय, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

तिच्या घरची पाच माणसं मी त्या भट्टीच्या पत्त्यावर लिहिली. जमातीच्या रकान्यात कातकरी लिहिलं. नियमाने माझं काही चुकलं नाही. माणूस मोजणीच्या काळात जिथे राहताना सापडेल तिथे मोजायचा, हेच आपल्या जनगणनेचं तत्त्व आहे. पण त्याच आठवड्यात तिकडे मुरबाडात माझ्यासारखीच कुणी शिक्षिका तिच्या वाडीवर गेली असेल तेव्हा तिला म्हातारी माणसं आणि कुत्री भेटली असतील. वाडीची लोकसंख्या पाचने कमी झाली, आणि अशी किती पाच. इकडे शहराच्या आकड्यात ती माणसं मिसळली आणि जूनमध्ये निघूनही गेली. जिथे राहतात तिथे मोजली गेली नाहीत, जिथे मोजली गेली तिथे राहिली नाहीत.

हा नुसता कागदावरचा घोटाळा नाही, पुढचं बरंच काही या आकड्यावर चालतं. आदिवासी भागात आरोग्य उपकेंद्र ३,००० लोकसंख्येमागे एक, प्राथमिक आरोग्य केंद्र २०,००० मागे एक. अंगणवाडीला किमान ३०० माणसं लागतात, १५० असली तर मिनी अंगणवाडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी पीएम-जनमन अभियान सुरू केलं, २४,१०४ कोटींचं. महाराष्ट्रात या गटात तीन जमाती येतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. या अभियानातला रस्ता किमान १०० लोकवस्तीच्या वस्तीला मिळतो. शंभरचा आकडा कागदावर ऐंशी झाला की रस्ता थांबतो, आणि बाळंतीण झोळीतून खाली आणली जाते.

पुढची जनगणना २०२१ ला व्हायची, ती लांबत गेली. आता संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे पुन्हा फेब्रुवारीत मोजणी, भट्टीच्या ऐन हंगामात. लडाख, हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरच्या बर्फाळ भागांसाठी मात्र ही तारीख १ ऑक्टोबर २०२६ आहे, कारण फेब्रुवारीत तिथे पोचता येत नाही. बर्फासाठी तारीख हलू शकते हे बघून मला बरं वाटलं आणि रागही आला. भट्टीसाठी देशाची तारीख हलवा असं कुणी म्हणत नाही. पण मोजणीच्या तक्त्यात मागचं राहण्याचं ठिकाण विचारतात, इथे कशासाठी आलात तेही विचारतात. पावसाळ्यात परत कुठे जाणार, एवढा एक प्रश्न जास्तीचा विचारला तर वाडीचा खरा आकडा निघेल.

आता त्या भट्टीच्या व्यवहाराबद्दल. माणसं दिवाळीनंतर निघतात आणि मृगाच्या आधी परततात, पण त्यांचा व्यवहार सुरू होतो भर पावसाळ्यात. घरातलं धान्य संपलेलं असतं, कुणाचं दुखणं असतं, कुणाचं लग्न ठरलेलं असतं, तेव्हा भट्टीवाल्याकडून बयाणा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, उचलला जातो. हंगामभर दर आठवड्याला 'खर्ची' मिळते, बाजारापुरती. शेवटी हिशोब. मजुरी हजार विटांच्या दराने आणि नवराबायकोच्या जोडीला मिळून. विटा उलटायला, रचायला मुलांचे हात असतात, त्यांचा दर नसतो. हिशोबात बयाणा फिटला नाही की पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी.

हे वाचून ज्यांना 'लग्नगडी' आठवेल त्यांची आठवण चांगली आहे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी वारली जोडपी जन्मभर राबायची, त्याला हे नाव होतं. ती पद्धत आणि वेठबिगार मोडायला १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूचे वारली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठले, तेव्हा तो सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. विवेक आणि विद्युल्लता पंडितांची श्रमजीवी संघटना वसईत उभी राहिली ती १९८२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर सहा वर्षांनी, वेठबिगार सोडवायलाच. यावरून कायद्याचा वेग कळतो.

कामगार म्हणून तरी त्यांना संरक्षण आहे का? स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा होता तो आंतरराज्यीय कामगारांसाठी. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही शब्द 'आंतरराज्यीय' हाच. जव्हारहून भिवंडीला आलेला माणूस राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून कायद्याच्या लेखी तो कुठे गेलेलाच नाही. त्याचं अंतर मोजायचं असेल तर किलोमीटरमध्ये मोजू नका. रेशन दुकान, अंगणवाडी, शाळा आणि ओळखीचा तलाठी, एवढं सगळं मागे सुटतं.

शाळेबद्दल मी जरा जास्त लिहिणार, कारण तो माझा प्रांत. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंग्यात राहणाऱ्या मुलांची शाळा भोंग्याजवळच. कल्पना इतकी साधी की सरकारला सुचायला वेळ लागला. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि प्रत्येक मूल वयानुरूप वर्गात, नियमित शाळेत असं ठरलं. तत्त्व उत्तम आहे. गरिबाच्या पोराला कायम तात्पुरती शाळा का, हा प्रश्न रास्तच होता. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही निघालं: गावच्या शाळेने ते द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने ते बघून वर्गात बसवायचं.

एका डिसेंबरात माझ्या वर्गात दोघी बहिणी येऊन बसल्या. पत्रक नव्हतं. त्यांची नावं ऑनलाइन त्यांच्या गावच्या शाळेच्या पटावर आधारशी जोडलेली. तिथून काढल्याशिवाय आमच्याकडे चढत नव्हती आणि तिथले गुरुजी काढायला तयार नव्हते. त्यांचंही बरोबर होतं. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची भाषा सरकारने २०२३ मध्ये केलीच होती, पण ही भीती त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. मग पाच महिने त्या मुली वर्गात होत्या आणि हजेरीपटावर नव्हत्या. खिचडी त्यांना मिळाली, कारण आमच्या शाळेतल्या मावशी ऑनलाइन बघून वाढत नव्हत्या. पुस्तकं मिळाली नाहीत. मे महिन्यात त्या गेल्या. धाकटीला भागाकार जमायला लागला होता.

या गोष्टीत खलनायक सापडत नाही. गावचे गुरुजी, आमच्या मुख्याध्यापिका, ऑनलाइन पट बनवणारा कुणी इंजिनीअर, सगळे आपापल्या जागी बरोबर होते. मूल दोन जागी जगू शकतं हे मात्र त्या पटाला माहीत नव्हतं.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न तर याहून अवघड. अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथलं आहे असा पुरावा मागतात, कारण जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा. शाळेचा दाखला, सातबारा, जन्माची नोंद, काहीही चालेल. आता सांगा, १९५० साली खैराच्या लाकडातून कात काढणाऱ्या, त्यासाठी जंगल बदलत हिंडणाऱ्या कातकरी माणसाकडे कसला कागद असणार? कातावरून ज्यांचं नाव पडलं त्यांनी जमातीचं नाव सिद्ध करायचं. दहावी झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या दाखल्यासाठी मी तिच्या वडिलांबरोबर तीन कार्यालयांत गेले. एका टेबलावर त्यांना विचारलं गेलं, "तुमचे आजोबा कुठल्या शाळेत होते?" ते म्हणाले, "साहेब, माझा बापच शाळेत नव्हता." साहेबांनी मान हलवली, सहानुभूतीने, आणि अर्ज परत दिला.

दाखल्याची कडक तपासणी मुळात चुकीची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा बळकावणाऱ्यांनी खऱ्या आदिवासींचं जे नुकसान केलं ते मोठं आहे. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश टिकणार नाही, असा निकाल दिला तो योग्यच होता. पण गंमत बघा. खोटं करणाऱ्याकडे कागद भरपूर असतात, कारण कागद तयार करणं हेच तर त्याचं काम. कागदाच्या चाळणीतून तो अलगद जातो आणि ज्याच्याकडे कागदच नाही तो अडकतो. कागद नसेल तर घरी जाऊन चौकशी करायची, वस्तीतल्या जाणत्यांना विचारायचं, बोली, देव, नातीगोती बघायची, गृहचौकशीची ही वाट आजही आहे. पीएम-जनमनच्या शिबिरांत आधार, जातीचे दाखले वस्तीवर जाऊन दिले गेले. म्हणजे मनात आणलं तर जमतं. फक्त त्याला शिबिर लागतं. कातकऱ्याच्या मुलीने दहावी पास व्हायचं ते शिबिराचं वर्ष बघून, असा अर्थ होतो.

हे झालं हलणाऱ्या पत्त्याचं. आता जे हललेच नाहीत त्यांच्याकडे येऊ.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, आणि त्यात पाटोणापाडा, जांभूळपाडा, वनीचा पाडा असे पाडे. हे लोक शहरात राहायला आले नाहीत. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली आणि ते बसल्या जागी शहरवासी झाले. त्याचा परिणाम काय होतो ते एकेका योजनेवरून समजून घ्यावं लागतं. गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली. ती अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी मुलूख म्हणून जाहीर झालेल्या भागातल्या, आणि अतिरिक्त आदिवासी उपयोजना क्षेत्रातल्या अंगणवाड्यांसाठी आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड-भिवंडीची काही गावं आहेत, ठाणे शहर नाही. शहापूरच्या गरोदर बाईला भाकरी, डाळ, अंडं. येऊरची तिची मावसबहीण गरोदर असली तर ती शहरी. रोजगार हमी ग्रामीण कुटुंबांसाठी, येऊर शहरी. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा ग्रामपंचायतींसाठी, येऊरला ग्रामपंचायत नाही. आदिवासी विकास विभागाच्या अपर आयुक्तांचं कार्यालय ठाण्यातच आहे, पण जिल्ह्याचं प्रकल्प कार्यालय शहापूरला, पन्नासेक किलोमीटरवर. महापालिकेत विचारलं तर हा विषय आदिवासी विभागाचा, आदिवासी विभागात विचारलं तर महापालिका हद्दीचा, आणि दोघांना एकदम विचारलं तर वनखात्याचा.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलात राहून ते कसणाऱ्या आदिवासींना हक्क देणारा. राष्ट्रीय उद्यानातही तो लागू आहे. अडतं कुठे, तर कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते आणि महापालिकेत ग्रामसभा नसते. खरं तर त्याच कायद्यातली गावाची व्याख्या मोठ्या मनाची आहे. जुनी वस्ती, सर्वेक्षण न झालेलं गाव, त्याची गाव म्हणून नोंद असो वा नसो, तेही गावच मानायचं. पाडा एकत्र बसला की ग्रामसभा झाली, असं मानायला त्यात जागा आहे. ती जागा वापरायची इच्छा कुणाला व्हायला हवी. दरम्यान त्याच येऊरला बंगले झाले, हॉटेलं झाली, टर्फ झाले, प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. रात्री दिव्यांच्या झगमगाटात क्रिकेट चालतं, आणि पाड्यावरच्या माणसाला झोपडीवर नवा पत्रा टाकायचा तर परवानगी लागते. आता तर उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा जातो आहे, दहा किलोमीटरहून लांब. मला बोगद्याचं वावडं नाही, बोरिवलीला माझी बहीण राहते. पण जंगलाच्या खालून एवढा रस्ता नेण्याचा मार्ग आपल्याला सापडतो आणि वरून पाड्याकडे पाण्याची लाइन न्यायची म्हटली की वनकायदा आठवतो.

नवी मुंबईकडे पाहिलं तर हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १९७० चं. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन गेली. आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये लढा दिला, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. देशभर ज्याचा दाखला दिला जातो असं हे काम, त्याबद्दल दुमत नाही. पण साडेबारा टक्के कशाचे? सातबाऱ्यावर जे होतं त्याचे. त्याच गावांच्या कडेला, दुसऱ्याच्या जमिनीवर खोपटं बांधून, मासे-खेकडे पकडून, लाकूडफाटा विकून, आगऱ्यांच्या शेतात लावणी करून जगणाऱ्या कातकऱ्यांच्या नावावर काहीच नव्हतं. शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. खारघरच्या टॉवरांच्या मागे डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी आहेत. पावसाळ्यात धबधबे बघायला जाणाऱ्यांनी वाटेत कधी तिथल्या घरांकडेही बघावं.

आरोग्याचं थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले तेव्हा सगळीकडे आरडाओरडा झाला. तो व्हायलाच हवा होता. पण त्या रुग्णालयावर एवढा भार का, हे थोड्यांनीच विचारलं. ठाण्याचं विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय नव्या ९०० खाटांच्या इमारतीसाठी पाडलं गेलं होतं आणि कारभार दुसरीकडे हलवलेला. शहापूर, मुरबाड, पालघरहून 'ठाण्याला न्या' असं सांगून निघालेली माणसं शेवटी कळव्यात पोचतात. त्यातला भट्टीवरचा रुग्ण उशिरा येतो, कारण खर्ची शनिवारीच मिळते.

आणि शहापूरचं पाणी? तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, मुंबईची तहान भागवणारी ही धरणं शहापूरच्या परिसरातली. ठाण्यालाही भातसाचं पाणी येतं. उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर जातात. तिथलं पाणी शंभर किलोमीटर खाली येतं, त्याला कुणी रहिवासी दाखला विचारत नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मला ठाऊक आहेत, कारण ते मी शिक्षक खोलीत रोज ऐकले. पहिला आक्षेप असा की दोन्हीकडे सवलत दिली तर लोक दोन्हीकडे घेतील. याचं उत्तर सरकारनेच देऊन ठेवलं आहे. एक देश एक रेशनकार्ड आल्यापासून जव्हारचं कार्ड भिवंडीच्या दुकानात अंगठा लावून चालतं, आणि एकीकडे उचललेलं धान्य दुसरीकडे उचलता येत नाही. मशीन कधी अंगठा ओळखत नाही, गारा तुडवून-मळून रेषा गेलेल्या असतात, ती वेगळी रड आहे. पण धान्य माणसामागे जाऊ शकतं हे सिद्ध झालं. महिला व बालविकास विभागाने गरोदर माता आणि मुलांच्या स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणालीही काढली आहे. म्हणजे अंडंही माणसामागे जाऊ शकतं. मग शाळेचा पट का नाही?

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो आदिवासींसाठी आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्यांकडूनही येतो: स्थलांतर सोयीचं करू नका, थांबवा. गावात काम द्या, वनहक्काची जमीन द्या, म्हणजे भट्टीवर जायची वेळच येणार नाही. हे मला मान्य आहे आणि नाहीही. खुद्द महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी दिली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, आणि कायदा १९७७ चा. तेव्हापासून आपण स्थलांतर थांबवतोच आहोत. जोवर थांबत नाही तोवर त्या सहा महिन्यांत जन्मलेल्या मुलाचं वजन कोण करणार, हा आजचा प्रश्न आहे. कोविडच्या वर्षी खावटी अनुदान जाहीर झालं, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात, निम्म्याच्या वस्तू. सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालं आणि घरोघर पोचता पोचता पुढचं वर्ष उजाडलं. खावटी म्हणजे पावसाळ्यात खायला. तेव्हा बयाणा घेतलेली माणसं केव्हाच भट्टीवर होती.

माझ्या मते यातली एक गोष्ट याच दिवाळीला करता येण्यासारखी आहे. वीटभट्टीला माती उचलायची परवानगी तहसीलदार देतो, गौण खनिज म्हणून स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, घेतो. पारंपरिक कुंभारांना ५०० ब्रासपर्यंत (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माफी आहे, तिचीही नोंद असते. म्हणजे कुठे भट्टी आहे, कुणाची आहे आणि किती ब्रास माती उचलली हे सरकारला ठाऊक आहे. माणसं किती आली, त्यात गरोदर किती, सहा ते चौदा वयाची मुलं किती, बयाणा किती दिला, हे त्याच अर्जात लिहून घ्यायला वेगळा कायदा नको. तो कागद तहसील कार्यालयातून अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडे आणि शाळांच्या केंद्रप्रमुखाकडे गेला पाहिजे, आणि मोजणीच्या वर्षी प्रगणकाकडेही. मातीचा हिशोब ब्रासमध्ये ठेवणाऱ्या खात्याला हे जड नाही. भट्टीवाले कुरकुरतील. त्यांच्यातले बरेच स्वतः लहान आहेत, मिव्हान, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, आणि सिमेंटचे ब्लॉक यांच्यामुळे लाल विटेचा धंदा आधीच आटत चाललाय, हे मला कळतं. पण त्यांना खर्च करायला सांगत नाही मी, लिहून द्यायला सांगते आहे.

शहरातल्या पाड्यांसाठी मात्र महापालिकेला आधी कबूल करावं लागेल की तिच्या हद्दीत आदिवासी आहेत. आदिवासी उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला ठेवायचं तत्त्व महाराष्ट्रात रुजलेलं आहे. त्यातला वाटा महापालिका हद्दीतल्या पाड्यांच्या अंगणवाड्यांना द्यावा. अमृत आहाराची अट क्षेत्राऐवजी आईच्या जमातीला लावली की येऊरच्या बाईचं ताट भरेल. त्यासाठी मुंबईत एक शासन निर्णय निघायला हवा, अर्ध्या पानाचा. वनीच्या पाड्यावर ग्रामसभा बसवून वनहक्काचे दावे घेणं याला मात्र वेळ लागेल, कारण तिथे पैशापेक्षा जमिनीचा प्रश्न आहे, आणि ठाण्यात जमिनीचा प्रश्न आला की सगळ्यांची भाषा बदलते.

माझ्या जुन्या शाळेतली एक तरुण शिक्षिका परवा घरी आली होती. तिला प्रगणकाचं काम येणार असं वाटतंय, म्हणून माझा अनुभव विचारायला. मी तिला २०११ ची वही दाखवली, शीळच्या पलीकडची ती भट्टी नकाशावर कुठे होती ते सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तिथे आता टॉवर होतोय. भट्ट्या गेल्या पडघ्याच्या पलीकडे. म्हणजे माझ्या गटात कुणी नसेल."

मी विचारलं, "टॉवर पुरा झालाय का?"

"नाही, अजून बारावा स्लॅब चाललाय."

"मग त्याच्या मागे पत्र्याच्या खोल्या असतील. फेब्रुवारीत संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा कुणी भेटणार नाही."

तिने ते वहीत लिहून घेतलं.